बिनपायऱ्यांचा गिअर आणि वोब्बे

वोब्बेबद्दल मी चांगलं लिहायला बसलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मध्येच माझं तोंड कडू झालं तर ती माझी जुनी खोड समजा. तेरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या शेडमध्ये काम करतोय आणि तेरा वर्षं मी त्याच्यावर जळतोय.

जळण्यासारखं त्याच्यापाशी होतं तरी काय? कोपराला ठिगळ लावलेला राखाडी स्वेटर, दुपारी पावाचे दोन तुकडे आणि मध्ये चीजची एक चकती, खिशात काळ्या खारट गोळ्यांची पुडी. बायको नाही, पोरं नाहीत. बोलणं इतकं कमी, की फोन उचलला तरी समोरच्यालाच आधी बोलावं लागे. पण हातात पाना घेऊन तो एखाद्या यंत्राशेजारी वाकला, की बघणाऱ्याला वाटे, आता हे बरं होणार. माझ्याकडे बघून तसं कधी कुणाला वाटलं नाही, आणि गाड्या तर मी बांधतो.

गाड्या म्हणजे कवचगाड्या. तीन चाकं, आत पाय पसरून आडवं बसायचं, वर होडीसारखं हलकं कवच, आणि सगळा जोर आपल्याच पायांचा. आमच्या या सपाट मुलखात चढ असा नाहीच. समुद्र हटवून काढलेली जमीन, पाटासारखी सरळ. आमचा डोंगर म्हणजे वारा. तो डोंगर फोडायला कवच लागतं आणि कवच ओढायला गाडी हलकी लागते. म्हणून मी ग्रॅम मोजतो. माझ्या शेडमध्ये स्वयंपाकघरातला काटा असतो आणि त्यावर प्रत्येक बोल्ट चढतो. बायको म्हणते, "येल्ते, लग्नाच्या आधी मलाही काट्यावर बसवलं असतंस तू." त्यात फारसं खोटं नाही.

वोब्बे याच्या अगदी उलटा. तो तीस वर्षं ट्यूलिपच्या कंदांच्या कोठारात यंत्रं सांभाळायचा. तिथे कंद पट्ट्यावरून सरकत जातात आणि लहानमोठे वेगळे होतात. त्या पट्ट्यांचा वेग बदलायला पायऱ्यांचा गिअर चालत नाही. पायरी बदलली की झटका बसतो, आणि झटका बसला की कंद कंदावर आपटतो. "डाग दिसत नाही," वोब्बे म्हणायचा, "पण पुढच्या वर्षी फूल येत नाही." म्हणून तिथे वेग सरकत सरकत वाढतो, सरकत सरकत उतरतो. कोठार बंद पडलं तेव्हा तो माझ्या शेजारची शेड भाड्याने घेऊन सायकली दुरुस्त करायला लागला, पण डोकं त्याचं तिथेच राहिलं. पायऱ्या नसलेला गिअर सायकलच्या हबमध्येही, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागात, मिळतो. आत पोलादी गोळे असतात. मूठ फिरवली की ते कलतात आणि गिअर लोण्यासारखा सरकतो. खट् नाही, खाड् नाही. वोब्बेचा त्याच्यावर जीव.

माझा नव्हता. त्या हबचं वजन दोन किलो चारशे ग्रॅम. शिवाय पायांचा थोडा जोर तो स्वतःच गिळतो. मी तर टूथब्रशचा दांडा कापून प्रवासाला नेणारा माणूस.

आता माझी बायको. रिन्स्के घरोघर फिरणारी नर्स आहे. सव्वीस घरं, दिवसाला सायकलवरून चाळीस किलोमीटर, एकावन्न वर्षांची. कुणाची मलमपट्टी, कुणाचं इंजेक्शन, कुणाला नुसतं आंघोळ घालून खिडकीपाशी बसवायचं. मोटारीचा परवाना तिने कधी काढलाच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या शिशिरात तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पाय चालता ठेवा, पण झटका नको, जोर नको. ऑफिसने सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत बघू. फेरी जमली नाही तर आत खुर्चीवर बसून फोन घ्यायचे.

"खुर्चीवर बसले तर मी मरेन," रिन्स्के मला म्हणाली. "येल्ते, मला गाडी बांधून दे. मोटर नको, पाय चालायला हवेत."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच गाडी मागितली. मी हवेत होतो. आयुष्यातली सगळ्यात हलकी गाडी मी तिच्यासाठी बांधायला घेतली. कवच तिला आवडतं तसं पिवळं. फक्त गिअरचं ठरायचं होतं, आणि मला वाटलं, त्यात ठरवायचं काय? चेन आणि मागे नऊ चक्रं, मी आयुष्यभर बसवली तशी.

एका दुपारी ती कॉफी प्यायला शेडवर आली. वोब्बेही तिथेच होता. त्याने तिला एकच विचारलं.

"दिवसात किती वेळा थांबतेस?"

रिन्स्केने बोटांवर मोजलं. "सव्वीस घरं. त्यात गुरांची फाटकं. दोन उचलते पूल. साठ वेळा तरी."

"मग साठ वेळा निघावं लागतं," वोब्बे म्हणाला आणि त्याने गोळी तोंडात टाकली.

बस, एवढंच. पण तिने त्याच्याकडे असं बघितलं, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न मी का विचारला नाही? घरात तिच्यासमोर रोज जेवतो मी. तिची साठ थांबणी कधी मोजली नाहीत, तिच्या बोल्टचे ग्रॅम मात्र मोजले.

"तुझी चेन आणि वोब्बेचा हब, दोन्ही चालवून बघते," ती म्हणाली.

मी चाचणी घेतली ती माझ्या पद्धतीने, शेडमधल्या दोन जुन्या गाड्यांवर, एकीला चेन, दुसरीला वोब्बेचा हब. बांधावरचा सरळ रस्ता, तिथून धरणाच्या दारापर्यंत आणि परत, घड्याळ लावून. माझी चेन दोन मिनिटांनी जिंकली. मी कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवलं. तिने तो वाचला, घडी करून माझ्याच खिशात घातला, आणि दोन दिवस दोन गाड्या घेऊन आपली फेरी करून आली.

चेनच्या गाडीत पुलापाशी फजिती झाली. गाडी वेगात होती, गिअर वरचा, आणि समोर लाल दिवा लागला. पूल उचलला गेला. एक शिडाची होडी आरामात खालून गेली. आता पाय मारल्याशिवाय चेन खालच्या चक्रावर येत नाही, आणि पाय मारायचे तर त्याच जड गिअरवर. मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय. तिने दात खाऊन गुडघ्यावर जोर दिला. असं त्या दिवशी सात वेळा झालं. वोब्बेच्या गाडीत ती नुसती थांबली, उभ्या उभ्या मूठ फिरवली, गिअर खाली आला, आणि दिवा हिरवा झाल्यावर ती अलगद निघाली.

"दोन मिनिटं तू ठेव, येल्ते," ती म्हणाली. "गुडघा मी ठेवते."

अशा रीतीने माझ्या सगळ्यात हलक्या गाडीत दुसऱ्याचा दोन किलो चारशेचा गोळा बसणार हे ठरलं. बसवायला वोब्बे रोज यायला लागला. हबलाही चेन लागतेच, पण चक्र एकच; ते किती दात्यांचं हवं याचा त्याने दोन दिवस हिशेब केला आणि बावीस ठरवलं. जितके दाते जास्त, तितकं निघताना हलकं. कागदाच्या चिठोऱ्यावर "२२" लिहून त्याने ते भिंतीवर टाचलं. रिन्स्के ड्युटीवरून येताना शेडवर थांबायची. मुठीची जागा तिच्या अंगठ्याप्रमाणे बसवताना दोघं खूप हसायची. वोब्बे हसतो हेच मला माहीत नव्हतं. आत मी कवचाला पॉलिश करत असायचो आणि पॉलिश करता करता एकाच जागी इतकं घासायचो, की रंग जायचा.

मग रिन्स्केचा वाढदिवस आला.

खुर्च्या गोल मांडल्या. कॉफी, सफरचंदाच्या टार्टचा एकेक तुकडा. येणारा प्रत्येकजण आधी तिचा हात हातात घेतो, मग सगळ्या वर्तुळाचे हात हातात घेत जातो, कारण आमच्यात वाढदिवसाचं अभिनंदन एकट्या माणसाचं नसतं. नवऱ्याचं, बहिणीचं, शेजाऱ्याचं, सगळ्यांचं असतं. नवऱ्याचं पहिलं. दरवर्षी त्या दिवशी माझा हात दुखेपर्यंत हलवला जातो आणि मला ते आवडतं, कबूल करतो.

वोब्बे रिन्स्केच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. टार्टची बशी मांडीवर ठेवून काट्याने तिला दाखवत होता, की गोळे आत कसे कलतात. मी दारापाशी पाहुण्यांचे कोट घेत होतो. तेवढ्यात रिन्स्केची बाउक आत्या आली. वय शहाऐंशी, डोळ्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. तिने रिन्स्केच्या गालांचे तीन मुके घेतले, आणि मग सरळ वोब्बेचा हात दोन्ही हातांत धरला.

"अभिनंदन हो जावईबापू! बायकोला चांगलं सांभाळलंत."

सगळी खोली हसली. रिन्स्के डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आत्या, हा नाही गं! तो तिकडे, कोटाखाली दबलेला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलेला!"

आणि वोब्बे? लाल झाला, उठून उभा राहिला, आणि शिष्टाचार म्हणून म्हणाला, "आभारी आहे, आत्याबाई."

आभारी आहे! कशाबद्दल?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी रिन्स्के चर्चला गेली आणि मी शेडमध्ये गेलो. ती सोमवारी पहिल्यांदा फेरीवर नेणार होती त्या गाडीचं कवच उघडलं, बावीसचं चक्र काढलं आणि सोळाचं बसवलं. चेनच्या दोन कड्या कमी केल्या, पिन ठोकली, झाकण लावलं. अर्ध्या तासाचं काम. आता दर वेळी निघताना तिला दीडपटीच्या जवळपास जोर लागणार होता. मी वेडा नाही; गुडघ्याचं मला माहीत होतं. पण मी मनाशी म्हटलं, एकच आठवडा. आठवड्यात ती वैतागेल, म्हणेल, "हा वोब्बेचा गोळा काही कामाचा नाही, तुझी चेन बसव." मग मी बसवीन. आठवड्याने असं काय बिघडतं?

ती वैतागली नाही. मंगळवारी आली, बूट काढताना गुडघा धरून बसली, म्हणाली, "गाडी झकास आहे. माझा पायच कमजोर झालाय."

मी म्हटलं, "हब जड जात असेल."

"छे! वोब्बेने हिशेब करून बसवलंय. हबला काही झालेलं नाही."

ऐकलंत? ती स्वतःच्या पायाला दोष देत होती, पण त्याच्या हबला नाही. पोटात असं दुखलं, की मी बावीसचं चक्र परत बसवण्याऐवजी ते रंगाच्या डब्यामागे लपवलं. दुसरा आठवडा गेला. ती जिन्यावर कठड्याला धरायला लागली. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सफरचंदासारखा सुजला, आणि तिने खुर्चीवरच्या कामाचा अर्ज स्वयंपाकघरात टेबलावर भरायला घेतला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"सही उद्या करते," ती म्हणाली आणि रडली. रिन्स्के रडत नाही. तिची आई गेली तेव्हा रडली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा केला.

वोब्बेला कुणी बोलावलं नव्हतं. आठवडाभर ती दिसली नाही म्हणून तोच आला. कुशल न विचारता अंगणात गाडीपाशी गेला, झाकण उघडलं आणि वाकला. मी खिडकीतून बघत होतो. त्याने बोटाने दाते मोजले. एकदा. मग चेन हातात घेतली आणि एका कडीवर अंगठा फिरवला. त्याच कडीवर. पिन मी नेहमी दोनदा ठोकतो, त्यामुळे तिच्या डोक्यावर दोन खुणा उठतात. माझी ही सवय गावातल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक आहे.

त्याने मान वर केली. खिडकीत मी होतो. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. राग नव्हता.

तो आत आला आणि टोपी हातात धरून रिन्स्केसमोर उभा राहिला.

"चक्र चुकीचं आहे," तो म्हणाला. "सोळाचं. माझी चूक. डब्यातून घेताना बघितलं नाही."

रिन्स्केने टेबलावरचा अर्ज उचलला. "तीन आठवडे, वोब्बे! मला वाटलं माझा पाय गेला. मी हा अर्ज भरायला बसले!"

"हो."

"हो काय? साठ वेळा, रोज! आणि तूच मला विचारलं होतंस, किती वेळा थांबतेस म्हणून!"

"हो," तो म्हणाला. "बावीसचं आणून बसवतो."

"बसव आणि जा. नंतर काही दिवस येऊ नकोस इथे. माझ्या तोंडून वाईट निघेल."

त्याने बसवलं आणि गेला. जाताना अंगणातून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता खरं सांगतो. पहिले तीन दिवस मला बरं वाटलं. जेवायला आम्ही दोघंच. हबचं नाव नाही, गोळ्यांचं नाव नाही, हसणं नाही. रिन्स्के म्हणाली, "तू तेव्हा म्हणालास ना, हब जड जात असेल? तुझंच बरोबर होतं." हेच ऐकायला तर मी तो उद्योग केला होता. ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

गुडघा दहा दिवसांत ओसरला. अर्ज सही न होता रद्दीत गेला. ती फेरीवर परतली, बावीसच्या चक्रावर, आणि संध्याकाळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागली. वोब्बेच्या शेडचं दार मात्र दिवसभर बंद दिसायचं. आत तो काम करत असायचा, पण दार बंद.

एप्रिलच्या शेवटी त्याचा वाढदिवस असतो. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगायची रीत आहे, आणि आमच्या कॅलेंडरवर तो रिन्स्केनेच लिहून ठेवलाय. दरवर्षी त्याच्याकडे चार खुर्च्यांचं वर्तुळ होतं: तो, आम्ही दोघं आणि बाउक आत्या. बाकी कुणी येत नाही, कारण बाकी कुणी नाहीच.

"मी जाणार नाही," रिन्स्के त्या सकाळी म्हणाली. "आत्याला फोन करून सांगते, तिलाही नको जाऊ म्हणावं."

मला त्या चार खुर्च्या दिसल्या. टार्ट तो आदल्या दिवशीच आणतो आणि मोजून चार तुकडे करतो. फोन तिच्या हातात होता.

"रिन्स्के," मी म्हटलं, "सोळाचं चक्र मी बसवलं."

ती वळली.

"तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. तू चर्चला गेली होतीस. बावीसचं रंगाच्या डब्यामागे आहे अजून. मी जळत होतो. आत्याने त्याचा हात धरला, तू हसलीस, तो आभारी आहे म्हणाला..."

ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिने फोन खाली ठेवला आणि खुर्चीवर बसून उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी रडत होते तेव्हा तू चहा केलास," ती म्हणाली.

मग उठून तिने कोट घातला. "चल. उशीर झाला तर तो टार्ट परत झाकून ठेवेल."

वोब्बेने दार उघडलं. रिन्स्केने त्याला मिठी मारली आणि त्याच्या ठिगळाच्या स्वेटरवर डोकं टेकून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. बाउक आत्या आधीच येऊन बसली होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "वोब्बे, ते चक्र..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बस. कॉफी गार होतेय."

एवढ्यावर त्याने ते मिटवलं. आणि खरं सांगू? मी त्याच्या या मिटवण्यावरही जळलो. मला ते आयुष्यात जमलं नसतं. आत्याने माझा हात धरून वोब्बेच्या वाढदिवसाचं अभिनंदन केलं, मी आभारी आहे म्हणालो आणि माझा तुकडा खाल्ला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. रिन्स्के अजून फेरीवर आहे. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि घरात सगळं ठीक आहे. फक्त सकाळी निघताना ती गाडीचं झाकण उघडते, वाकते आणि बोटाने दाते मोजते. मोठ्याने. एक, दोन, तीन, चार. मी तिचा डबा हातात धरून बावीसपर्यंत उभा राहतो. मग ती डबा घेते आणि जाते.

गाडी वोब्बेच्या शेडमधून दुरुस्त होऊन आली, की त्या दिवशी ती मोजत नाही. बसते आणि निघते.